विरघळणाऱ्या स्टेंटची नळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत बाटल्यांच्या ब्लो मोल्डिंगमध्ये (गरम प्लास्टिक साच्यात हवेने फुगवण्याच्या कामात) माझी उमेदीची वर्षं गेली. आता काम तेच, माल वेगळा: शरीरात हळूहळू विरून जाणाऱ्या स्टेंटसाठी (अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळीची नळी) लागणाऱ्या बारीक नळ्या फुगवून पाहायच्या आणि फाटल्या तर का फाटल्या ते शोधायचं. प्रोजेक्टवाली मुलं, सातपूरचे जुने सहकारी, सोसायटीतले काका, सगळे फिरून तेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

नळी फुगवता म्हणजे नेमकं करता काय?

पीएलएलए नावाचं प्लास्टिक असतं, लॅक्टिक आम्लापासून बनवलेलं. दह्याला आंबटपणा देतं तेच आम्ल. त्याचे दाणे वाळवून एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे दाणे वितळवून तोंडातून ढकलणाऱ्या यंत्रातून, जाड भिंतीची, बारीक नळी काढतात. ती साच्यात धरून गरम करायची, लांबीत ओढायची आणि आत दाबाची हवा किंवा नायट्रोजन सोडायचा. नळी फुगून साच्याला टेकते, तिथेच दाबाखाली थंड होते. मग लेझरने तिच्यात जाळी कापतात, औषधाचा लेप देतात आणि ती रक्तवाहिनीत नेऊन फुगवायच्या बारीक फुग्यावर दाबून बसवतात. पाण्याची बाटली प्रीफॉर्मपासून, म्हणजे फुगवण्याआधीच्या जाड, छोट्या नळीपासून, अशीच बनते. फरक एवढाच की बाटली तळहाताएवढी असते आणि आमची नळी रिफिलएवढी.

एवढा खटाटोप कशाला? एक्स्ट्रूडरमधूनच पातळ नळी का काढत नाही?

काढता येते, पण स्टेंट म्हणून ती कुचकामी.

पीएलएलएचा कडकपणा साधारण ३ गिगापास्कल. स्टेनलेस स्टीलचा २०० च्या आसपास, कोबाल्ट-क्रोमियमचा त्याहून जास्त. म्हणजे धातूशी तुलनाच नको. त्यात न ताणलेलं पीएलएलए ठिसूळ: खोलीच्या तापमानाला काही टक्के ताणलं की मोडतं. स्टेंट तर आधी फुग्यावर चेपला जातो, मग रक्तवाहिनीत उघडला जातो. दोन्ही वेळा जाळीची वळणं जोरात वाकतात. न ताणलेल्या नळीची जाळी तिथेच तडकेल.

कापसाचा पेळू हाताने सहज तुटतो, त्याच कापसाचं सूत तुटत नाही. तंतू तेच, फक्त एका दिशेला लागलेले. प्लास्टिकमधल्या रेणूंच्या लांब साखळ्यांचंही तसंच. मात्र सूत एकाच दिशेने मजबूत असतं आणि नळीला दोन दिशांनी बळ हवं, लांबीतही आणि घेरातही. म्हणून नुसतं ओढून भागत नाही, फुगवावंही लागतं. स्टेंटची ताकद दाण्यांच्या पिशवीसोबत विकत मिळत नाही. ती नळी कशी ताणली गेली त्यातून येते. एकाच पिशवीतल्या दाण्यांच्या दोन नळ्या, एक नीट फुगवलेली आणि एक घाईत उरकलेली, हातात घेतल्या तर सारख्याच दिसतील. वाकवून बघितल्यावर फरक कळतो.

कोणत्या तापमानाला फुगवता?

पीएलएलए साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या खाली काचेसारखं असतं, त्याच्या वर रबरासारखं. या बदलाला आम्ही ‘टीजी’ म्हणतो. वितळायला १७० ते १८० अंश लागतात. आमचं काम टीजीच्या थोडं वर, बहुतेकदा ७० ते ९० अंशांच्या पट्ट्यात चालतं.

द्राक्षबागेत ठिबकची नळी जॉइनरवर चढवण्याआधी तिचं टोक गरम पाण्यात बुडवतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. मुलांना वाटतं हेही तसंच. तसं नाही. ठिबकची पॉलिथिलीनची नळी थंडीतही लवचिकच असते, गरम पाण्याने जरा आणखी मऊ होते. पीएलएलए टीजीच्या आसपास १०-२० अंशांत गिगापास्कलवरून काही मेगापास्कलवर येतं, जवळजवळ हजारपटीने मऊ पडतं. त्यामुळे नळीची एक बाजू हिटरला जरा जवळ राहिली तरी दोन बाजू जणू दोन वेगळ्या मालाच्या होतात.

तापमान कमी पडलं तर नळी पांढऱ्या भेगा पडून फुटते. जास्त झालं तर काम उरकतं, पण फुकट जातं: साखळ्या ओढल्या जाण्याऐवजी एकमेकींवरून घसरतात, नळी आकाराने मोठी होते पण मजबूत होत नाही. शंभरीच्या आसपास तिसरी गडबड होते. न ताणताच, नुसत्या उष्णतेने मालात मोठे स्फटिक उगवायला लागतात आणि नळी दुधी, ठिसूळ होते.

फुगताना नळीच्या आत काय घडतं?

जत्रेतला लांब फुगा आठवा. फुंकायला लागलं की पहिल्यांदा जीव जातो, मग एका जागी अचानक फुगवटा येतो आणि तो पुढे सरकत जातो. फुगा सगळीकडून एकदम सारखा फुगत नाही. आमची नळीही तशीच वागते.

कारण साधं आहे. पातळ नळीच्या घेरातला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. लांबीतला ताण त्याच्या निम्मा. आता एक हिशोब करू. आकडे माझ्या मनातले आहेत, कोणाच्या ड्रॉइंगवरचे नाहीत. नळी बाहेरून २ मिमी, आतून १ मिमी, भिंत अर्धा मिमी. ती दीडपट लांब ओढली आणि साच्यात बाहेरून ३.५ मिमीपर्यंत फुगवली. मालाचं घनफळ बदलत नाही असं धरलं तर आतला व्यास ३.२ मिमी होतो आणि भिंत ०.१५ मिमी, म्हणजे १५० मायक्रॉन उरते. त्रिज्या आणि जाडीचं गुणोत्तर आधी १ होतं, आता १०.७ झालं. दाब काडीभरही वाढवला नाही तरी ताण जवळजवळ अकरापट.

म्हणजे एकदा फुगायला लागली की नळी स्वतःच स्वतःला फाडायच्या दिशेने पळते. तिला आवरतं कोण? मालाचं कडक होत जाणं. साखळ्या पुरेशा ओढल्या गेल्या की त्या ताठ होतात, त्यांच्यात बारीक स्फटिक तयार होतात आणि तिथला भाग पुढे ताणायला नकार देतो. मग फुगवटा शेजारच्या, अजून न ताणलेल्या भागाकडे सरकतो. हे कडक होणं वेळेवर झालं तर नळी शेवटी सारखी फुगते, नाही झालं तर जिथे सुरुवात झाली तिथेच फाटते. तापमान, वेग, ओढीचं प्रमाण ही सगळी खटपट या एका वेळेसाठी चाललेली असते.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट लपलीय आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आतला व्यास १ चा ३.२ झाला, बाहेरचा २ चा ३.५. म्हणजे आतला पृष्ठभाग घेरात ३.२ पट ताणला गेला आणि बाहेरचा फक्त पावणेदोनपट. एकाच भिंतीत, अर्ध्या मिमीच्या अंतरात, दोन वेगळे स्वभाव. प्रीफॉर्मच्या बाटलीतही हा फरक असतो, पण बाटलीवर कोणाचा जीव अवलंबून नसतो.

आधी ओढायची की आधी फुगवायची?

यावर आमच्याकडे दोनदा चहा थंड झालाय. आधी लांबीत जास्त ओढलं तर साखळ्या लांबीला लागतात आणि नंतर घेरात फुगवताना नळी काठीसारखी उभी चिरते. आधी नुसती फुगवली तर घेराला बळ येतं, लांबीत ती कच्ची राहते, शिवाय भिंत जाड उरते. वरच्याच हिशोबात लांबीची ओढ काढून टाकली तर भिंत १५० ऐवजी सुमारे २३० मायक्रॉन राहते. दोन्ही एकदम केलं तर संतुलन चांगलं साधतं, पण ओढणाऱ्या मोटरची आणि हवेच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणं हे वेगळंच दुखणं. माझा कल एकदमच करण्याकडे आहे. लांब नळीला सगळीकडून एकदम गरम करण्यापेक्षा एका टोकाकडून सरकत जाणाऱ्या गरम हवेच्या झोताने फुगवटा चालवत नेणं मला जास्त पटतं. फुगवटा सरकणारच आहे, मग आपल्या मर्जीने सरकू दे.

वेगाचा काय संबंध?

मोठा संबंध आहे. सावकाश ओढलं तर साखळ्यांना सैल व्हायला वेळ मिळतो आणि कडकपणा येत नाही. फार जोरात ओढलं तर त्या ताठ व्हायच्या आधी तुटतात. त्यात वेगाने ताणलेला माल स्वतःच थोडा गरम होतो, म्हणजे हिटरवर ठेवलेलं तापमान आणि नळीचं तापमान वेगळं. हा स्वभाव पुढे डॉक्टरांच्या टेबलापर्यंत जातो. ॲबॉट या अमेरिकी कंपनीच्या ‘ॲबसॉर्ब’ या विरघळणाऱ्या स्टेंटच्या सूचनांमध्ये फुग्यातला दाब दर ५ सेकंदांना फक्त २ ॲटमॉस्फिअरने (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दुपटीने) वाढवायला सांगितलं होतं. धातूच्या स्टेंटला इतकं जपावं लागत नाही.

मिलिमीटरच्या नळीत, सेकंदाच्या आत घडणारं हे दिसतं कसं?

ठिपक्यांनी. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके सारख्या अंतरावर असतात. समजा रांगोळी रबराच्या चादरीवर काढली आणि चादर ओढली, तर कुठे किती ताण पडला ते ठिपक्यांतल्या अंतरावरून वाचता येईल. नळीवर रंगाचे बारीक, अव्यवस्थित ठिपके फवारायचे, दोन वेगवान कॅमेऱ्यांनी दोन कोनांतून चित्रण करायचं आणि प्रत्येक ठिपका कुठून कुठे गेला ते संगणकाकडून काढून घ्यायचं. त्यातून नळी लांबीत आणि घेरात कुठे किती पट ओढली गेली ते जागोजागी कळतं. सोबत दाब आणि ओढीचं बळ नोंदवलं की ताणही काढता येतो. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत पीएलएलएच्या नळ्यांवर आणि पत्र्यांवर या धर्तीचं काम झालंय. माझ्या डोक्यातल्या बऱ्याच गोष्टी तिथल्या लेखांनी सरळ केल्या.

साच्यात मात्र कॅमेरा आंधळा. म्हणून आधी साच्याशिवाय, मोकळ्या हवेत फुगवून पाहायचं. नळी कुठे फुगायला सुरुवात करते हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं नाही त्याने साचा बनवायला देऊ नये, असं माझं मत. पैसे जातात.

संगणकावर आधीच नाही का कळत?

बरंच कळतं. या मालाचं गणित साधारण असं मांडतात: दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी. एक साखळीतल्या बंधांची, कडक, पण वेळ आणि उष्णता मिळाली की सैल होणारी. दुसरी साखळ्यांच्या गुंत्याची, आधी मऊ आणि ओढत गेलं की एकाएकी ताठ होणारी. ताण घेताना दोघी मिळून घेतात. ओढताना नवे स्फटिक कधी आणि किती होतात ते यात बसवणं सगळ्यात अवघड.

प्रोजेक्टवाल्या मुलांना एकच सांगतो: एका दिशेने पट्टी ओढून काढलेल्या आलेखावर नळीचं गणित उभं करू नका. दोन दिशांनी एकदम ओढलेला माल वेगळा वागतो. आणि नळीचं तापमान सगळीकडे सारखं धरलंत तर स्क्रीनवर सुंदर, एकसारखी फुगलेली नळी दिसेल. ती फक्त स्क्रीनवरच असते.

नळी पांढरी पडली, वाकडी फुगली, फुटली. चूक कुठे?

वाकडी फुगली तर आधी एक्स्ट्रूडरकडे बघा. नळीचं छिद्र मधोमध नसेल तर पातळ बाजू आधी ताणली जाते, त्यामुळे आणखी पातळ होते. फुगवणं हे फरक मिटवत नाही, बहुतेकदा वाढवतं. छिद्र मधोमध असेल तर मग हिटर.

पांढरी पडली तर प्रश्न विचारा: फुगवण्याआधी की नंतर? आधी दुधी झाली तर जास्त वेळ गरम राहिली. फुगताना पांढऱ्या रेघा आल्या तर थंड होती. नीट ताणलेली नळी स्फटिक होऊनही काचेसारखी स्वच्छ राहते, कारण ते स्फटिक फार बारीक असतात.

आणि कारण नसताना फुटायला लागली तर ओल. एका जुलैत आम्ही सलग दोन आठवडे तापमान, दाब, वेळ सगळं फिरवून पाहिलं. नळ्या कशाही केल्या तरी लवकर कडक होत नव्हत्या, सपासप फाटत होत्या. शेवटी कळलं की दाण्यांची पिशवी उघडी राहिली होती आणि ड्रायरची टायमर सेटिंग कोणीतरी कमी केलेली. (ते ‘कोणीतरी’ मीच होतो.) पीएलएलए पाण्याने तुटतं, शरीरात तर त्याचा उपयोगच तो. पण वितळलेल्या अवस्थेत अगदी थोडी ओलही साखळ्या कापून छोट्या करते. छोट्या साखळ्यांचा गुंता कमी, म्हणून ताठ होणं कमी. दाण्यांत ओल ०.०२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी हवी. नाशिकच्या पावसाळ्यात हे आपोआप होत नाही.

फुगवलेली नळी परत आकसते का?

आकसते, तिला आपला जुना आकार आठवत असतो. पाण्याची रिकामी बाटली उकळत्या पाण्यात धरून बघा, बाटली लहान होईल. म्हणून साच्यात दाब धरून ठेवतात, थोडा वेळ उष्णतेने स्फटिक पक्के होऊ देतात, मग टीजीच्या बरंच खाली आणूनच दाब सोडतात. इथे घाई केली तर दुसऱ्या दिवशी व्यास वेगळा मोजला जातो आणि सगळे मोजणाऱ्यावर चिडतात.

हे तंत्र बंद पडलं ना? मग अजून कशाला करताय?

थोडा इतिहास. माणसात वापरलेला पहिला असा स्टेंट जपानमधला इगाकी-तामाई. त्याचे पहिले निकाल २००० साली छापून आले. तो नळीतून कापलेला नव्हता, पीएलएलएच्या धाग्याची नागमोडी गुंडाळी होती. उघडण्यासाठी फुग्यात सुमारे ८० अंशांचं गरम द्रव भरत. टीजीचा मुद्दा लक्षात आला असेल.

मग आलं ॲबसॉर्ब. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) जुलै २०१६ मध्ये मान्यता दिली, सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने जगभर विक्री थांबवली. दोन वर्षांच्या पाहणीत हृदयाशी संबंधित गंभीर घटना ॲबसॉर्बच्या ११ टक्के रुग्णांत दिसल्या, धातूच्या झायन्स स्टेंटच्या ७.९ टक्क्यांत. रक्ताच्या गाठीही जास्त. कारणांत जाळीच्या काडीची जाडी मोठी मानली जाते: ॲबसॉर्बची सुमारे १५० मायक्रॉन, झायन्सची ८१. जाड काडी रक्ताच्या प्रवाहात दगडासारखी आडवी येते.

मग पातळ करा, असं कोणीही म्हणेल. पण रुंदी आणि माल तोच ठेवून १५० ची जाडी १०० केली तर वाकण्याला होणारा विरोध सुमारे ३० टक्क्यांवर येतो. हरवलेली ताकद परत आणायची ती साखळ्या नीट लावून, म्हणजे पुन्हा नळी ताणण्याच्या पद्धतीतूनच. म्हणून काम थांबलेलं नाही. वापीच्या मेरिल कंपनीचा ‘मेरेस १००’ शंभर मायक्रॉनचा आहे. ॲबॉटच्याच ‘एस्प्री बीटीके’ला, ९९ मायक्रॉनच्या जाळीच्या स्टेंटला, अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्यांसाठी मान्यता मिळाली.

माझ्या वडिलांना हाच बसवावा का?

मी नळीवाला आहे, डॉक्टर नाही. हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारा. आणि धातूचा सुचवला तर त्यांनी जुनाट काही सुचवलं असं समजू नका.

निर्जंतुक कसं करतात? लासलगावला नेऊन?

हा प्रश्न चेष्टेने विचारला गेला होता, पण चांगला आहे. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचे मोड थांबवतात. त्याला ०.१ किलोग्रेच्याही आतली मात्रा पुरते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला ०.४. वैद्यकीय वस्तूंसाठी नेहमीची मात्रा २५ किलोग्रे. एवढ्या मात्रेत पीएलएलएच्या साखळ्या तुटतात, म्हणजे फुगवताना कमावलेलं थोडं गमवावं लागतं. म्हणून मात्रा कमी ठेवून, थंड ठेवून इलेक्ट्रॉन किरण वापरतात किंवा इथिलीन ऑक्साइड वायू. वायू वापरला तर उष्णता आणि ओल सांभाळावी लागते. सुरुवातीच्या साखळ्या किती लांब घ्यायच्या हे ठरवताना हा तोटा आधीच धरायचा असतो.

सातपूर-अंबडमध्ये हा धंदा करता येईल का?

तपमान राखणारा छोटा रिग, साचा, व्हॉल्व्हची वेळ जुळवणं यासाठी लागणारे हात इथे आहेत. बाटलीवाले आहेत, टूलरूमवाले आहेत. पण विकायचा स्टेंट ही दुसरी गोष्ट. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, त्यांत स्टेंट सर्वात जोखमीच्या ‘ड’ वर्गात येतो आणि उत्पादनाचा परवाना राज्याकडे नाही, केंद्राकडे. शिवाय फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने किमती बांधल्या तेव्हा विरघळणारे स्टेंट औषधाचा लेप असलेल्या धातूच्या स्टेंटच्याच २९,६०० रुपयांच्या मर्यादेत टाकले. माल महाग, पद्धत अवघड, किंमत तीच. तेव्हा नळ्यांच्या चाचण्या करून द्या, साचे बनवा, पेठमार्गे वापी काही फार लांब नाही. स्टेंटची पाटी लावायची घाई नको.

विरघळणारंच आहे, मग फुटलेल्या नळ्या गोदावरीत टाकल्या तरी चालतील?

नाही. पाण्यात मीठ विरघळतं तसं हे विरघळत नाही. पाणी साखळ्यांचे बंध एकेक तोडत जातं, तुकडे लहान होतात, शेवटी लॅक्टिक आम्ल उरतं आणि शरीर त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करतं. ३७ अंशांत, सतत ओलाव्यात, याला दोन-तीन वर्षं लागतात. नदीचं पाणी त्याहून थंड, म्हणून तिथे आणखी वेळ. नीट ताणलेल्या नळीत स्फटिकांमुळे पाणी सावकाश शिरतं, म्हणजे ती अजूनच टिकाऊ. गॅलरीतल्या जास्वंदाच्या कुंडीत मी एक फुटकी नळी खोचून ठेवलीय. तीन पावसाळे झाले. जास्वंद एकदा मेलं, दुसरं लावलं. नळी आहे तशीच आहे.